इंग्लंडचा 'कंट्री जंटलमन' म्हणजे नक्की कोण? एका घराण्याची गोष्ट घेऊन समजून घेऊया

ओटीटीवर त्या इंग्लिश कॉश्च्युम ड्रामा सिरीज बघताना आमच्या घरी दर वेळी तेच होतं. आई पहिल्या दहा मिनिटांत विचारते, "हा माणूस काम काय करतो?" आणि कोणालाच उत्तर देता येत नाही. एवढं मोठं घर, पन्नास नोकर, घोडे, कुत्रे, पण हा ऑफिसला जाताना दिसत नाही, शेतात राबताना दिसत नाही, आणि बाप मेला की सगळं थोरल्याला, नाहीतर कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाला, आणि सख्ख्या मुली रडत बसलेल्या. आई म्हणते हा काय न्याय झाला. त्यात २०२४ च्या शेवटी लंडनमध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणले, शेतजमिनीवर वारसा कर लावू नका म्हणून, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं की तिकडे शेतकरी म्हणजे जमीनदार की आपल्यासारखे दोन एकरवाले? म्हटलं आता हे एकदा नीट लिहूनच काढूया.

नुसत्या व्याख्या वाचल्या तर झोप येईल, म्हणून एक खरं घराणं घेतो. बकिंगहॅमशरमधलं क्लेडन गाव आणि तिथले व्हर्नी. हेच का, तर ह्यांनी पत्रं फेकली नाहीत. तीस हजारांहून जास्त कागद राहिलेत, त्यामुळे ह्या घरात कोण कोणावर रुसलं होतं, कोणाला कर्ज झालं होतं, कोणी कोणाकडे पैसे मागितले, सगळं कळतं.

आधी पायऱ्या समजून घ्या

इंग्लंडमध्ये वरच्या वर्गाचे दोन मजले होते. वरच्या मजल्यावर लॉर्ड लोक, म्हणजे ड्यूक, अर्ल, व्हायकाउंट वगैरे, ते जन्मानेच संसदेच्या वरच्या सभागृहात बसायचे. खालच्या मजल्यावर जेंट्री, म्हणजे जमीन आहे, खंड येतो, स्वतःच्या हाताने नांगर धरायची गरज नाही, पण लॉर्ड नाही. आपला जंटलमन ह्या खालच्या मजल्यावरचा. त्यातही नाइट झाला तर 'सर' लागतं पण ते त्याच्याबरोबर जातं, मुलाला मिळत नाही. मग १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाला पैशांची चणचण होती तेव्हा त्याने बॅरोनेट नावाचा नवीन प्रकार काढला, ह्यात 'सर' पिढीजात, आणि भाव ठरलेला, १,०९५ पौंड. होय, सरळ विकत. म्हणजे सगळ्या सरांचं सरपण एकसारखं नव्हतं, काहींचं मेल्यावर संपायचं आणि काहींचं मुलाकडे जायचं.

आपल्याकडच्या माणसाला पटकन कळायचं तर देशमुख किंवा इनामदार डोळ्यासमोर आणा. अगदी तसंच नाही, फरक पुढे सांगतो, पण गढी, गावावर वचक, आणि मान तसाच.

ह्या घराण्यात नावांची बोंब आहे हे आधीच सांगतो. एडमंड आणि राल्फ ही दोनच नावं पिढ्यान् पिढ्या फिरतात, आजोबांचं नाव नातवाला ह्या आपल्या पद्धतीसारखंच. मी सतराव्या शतकातले बाप एडमंड आणि मुलगा राल्फ एवढ्या दोघांवर भर देणार आहे.

जमीन त्याची होती, पण त्याच्या मालकीची नव्हती

हा सगळ्यात गोंधळाचा भाग आहे, इथे थोडं थांबूया.

आपल्या डोक्यात मालक म्हणजे सातबाऱ्यावर नाव, विकायचं असेल तर विकेल. तिकडे मोठ्या इस्टेटीचं तसं नव्हतं. एक नियम असा की सगळी जमीन थोरल्या मुलाला, ह्याला प्रायमोजेनिचर म्हणतात, मी इथून पुढे 'थोरल्याचा वारसा' म्हणतो. दुसरं म्हणजे कागद असा करून ठेवायचे की आत्ता जो मालक आहे त्याला फक्त जिवंत असेपर्यंत उत्पन्न खायचा हक्क, विकायचा नाही, त्याच्यानंतर त्याच्या मुलाला, त्याच्यानंतर नातवाला. सतराव्या शतकाच्या मध्यावर वकिलांनी हे कागद एकदम पक्के करून टाकले. फ्लॅटचं उदाहरण घ्या, तुम्ही राहता, भाडेकरू ठेवता, भाडं खाता, पण विकायला गेलात तर सोसायटी म्हणते थांबा, तुमच्या न जन्मलेल्या नातवाची सही आणा.

असं का केलं, तर उधळ्या वारसाची भीती. आणि व्हर्नींकडे ही भीती काल्पनिक नव्हती. एडमंडचा सावत्र मोठा भाऊ फ्रान्सिस. वयात आल्यावर त्याने इस्टेटीच्या वाटणीवरून सावत्र आईशी वाद घातला, तो वाद संसदेपर्यंत गेला, तिथे हरला, मग स्वतःच्या वाट्याला आलेली जमीन विकून टाकली आणि देश सोडून गेला तो थेट उत्तर आफ्रिकेच्या समुद्री चाच्यांना जाऊन मिळाला! १६१५ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाच्या हॉस्पिटलमध्ये वारला, आणि त्याचे रेशमी झगे आणि पागोटी क्लेडनला परत आली, ती पुढे घराण्याने जपून ठेवली. काकांचं पागोटं आठवण म्हणून ठेवणारे आपण एकटेच नाही.

क्लेडनची स्वतःची गंमत वेगळीच. गाव व्हर्नींचं, पण पूर्वजांनी ते जवळजवळ शंभर वर्षं दुसऱ्या कुटुंबाला लीजवर देऊन ठेवलं होतं. एडमंडला स्वतःच्याच घरात राहायला जायचं तर लीज सोडवावी लागली, १६२० मध्ये त्याने त्यासाठी ४,००० पौंड मोजले. स्वतःचं घर स्वतः विकत घेण्यासारखंच झालं हे.

पगार नाही तर मग ही पदं कशाला?

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तो काम करतो, पण ते काम नोकरी नव्हे.

त्या काळी इंग्लंडमध्ये कलेक्टर, तहसीलदार, पोलीस असलं काही खातं नव्हतं. राजा लंडनमध्ये, आणि जिल्हा चालवायचे हेच गावोगावचे जंटलमन, फुकट. त्यातलं मुख्य पद जस्टिस ऑफ द पीस, जे.पी. चौदाव्या शतकापासूनचं. दारूच्या गुत्त्याला लायसन्स द्यायचं, मजुरीचे दर ठरवायचे, पूल दुरुस्त झाला का बघायचं, भटक्यांना हाकलायचं, लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा खर्च बापाकडून वसूल करायचा, आणि वर्षातून चार वेळा सगळ्या जे.पीं.नी एकत्र बसून खटले चालवायचे. आपल्या जुन्या मुंबईत शेठ लोक नावापुढे जे.पी. लावायचे ना, ते पद इकडूनच आलं.

दुसरं पद शेरीफ. एका वर्षापुरतं, आणि लोक ते टाळायला बघायचे, कारण न्यायाधीश जिल्ह्यात आले की त्यांची बडदास्त, कैदी सांभाळणं, कर गोळा करणं, सगळं अंगावर, खर्च खिशातून. शेरीफचं पद मुंबईतही आलं, दिलीप कुमार होते १९८० मध्ये, पण तोवर ते नुसतं शोभेचं उरलं होतं. १६३० च्या दशकात मात्र शेरीफची अवस्था वाईट होती, कारण राजा चार्ल्सने संसदेला न विचारता शिप मनी नावाचा कर बसवला आणि वसुली शेरीफच्या गळ्यात टाकली. ह्याच बकिंगहॅमशरमधल्या जॉन हॅम्पडेनने तो भरायला नकार दिला, खटला गाजला, बारा न्यायाधीशांत सात विरुद्ध पाच असा निकाल राजाच्या बाजूने लागला, पण राजाची अब्रू गेली ती गेलीच. हा हॅम्पडेन व्हर्नींच्या ओळखीतला, शेजारपाजारचाच माणूस. म्हणजे करवसुलीवाला, कर बुडवणारा आणि कर लावणाऱ्या राजाचा नोकर हे सगळे एकमेकांच्या घरी जेवणारे लोक होते, पुढचं यादवी युद्ध समजायला हे लक्षात ठेवा.

तर ही पदं का घ्यायची? कारण ती नसतील तर तुम्ही नुसते पैसेवाले. सरपंच एकदा झालेला माणूस पुढे पन्नास वर्षं 'सरपंच'च असतो ना गावात, तसं. आणि शेजाऱ्याकडे पद असेल आणि तुमच्याकडे नसेल तर तुमच्या बांधाचा वाद कोणाच्या बाजूने सुटेल सांगा बरं.

दरबारातली नोकरी मात्र वेगळी. एडमंड लहानपणापासून दरबारी. १६२३ मध्ये प्रिन्स चार्ल्स, पुढे राजा झाला तोच, बायको शोधायला माद्रिदला गेला तेव्हा हा बरोबर होता, आणि तिथे त्यांच्यातला एक पोरगेला सेवक मरणाला टेकला असताना एक इंग्लिश कॅथलिक पाद्री त्याचा धर्म बदलायला आला, तर एडमंडने त्याला कानाखाली वाजवली. मोठा बखेडा झाला त्यावरून. पुढे त्याला नाइट मार्शल हे पद मिळालं, म्हणजे राजाच्या मुक्कामाभोवतीच्या बारा मैलांत शिस्त राखायची आणि मार्शलसी हा तुरुंग सांभाळायचा. ह्यात मिळकत पगारातून कमी आणि राजाने दिलेल्या हक्कांतून जास्त. अमक्या मालाच्या तपासणीची फी तुझी, तमक्या कराचा हिस्सा तुझा, असं. लोकरीच्या कापडावर शिक्का मारायचा एक कर होता, त्यातल्या उत्पन्नावर त्याने मुलींच्या हुंड्याची सोय लावून ठेवली.

हे वाक्य परत वाचा. मुलींचा हुंडा जमिनीवर नाही, राजाच्या कृपेवर. कारण जमीन थोरल्यासाठी राखून ठेवायची होती. पुढे ह्याचीच किंमत मोजावी लागली.

मग धाकट्यांचं आणि मुलींचं काय?

एडमंड आणि त्याची बायको मार्गारेट ह्यांची दहा मुलं जगली, चार मुलगे, सहा मुली. थोरला राल्फ. त्याचं लग्न १६२९ मध्ये, तो पंधरा-सोळाचा आणि मेरी ब्लॅकनॉल तेरा वर्षांची. मेरीचे आईवडील वारलेले आणि ती एकुलती एक वारस, म्हणून ती कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात गेली. हे नाव आपल्याकडे ओळखीचं आहे, वारस अज्ञान असला की इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे जायची ते. पण मूळ इंग्लिश कोर्ट सांभाळ कमी आणि धंदा जास्त करायचं, पोरक्या वारसाचं पालकत्व विकलं जायचं, आणि विकत घेणारा त्या मुलीचं लग्न हवं तिथे लावू शकायचा. मेरीच्या नातेवाईकांनी पैसे भरून ते पालकत्व घेतलं आणि स्थळ पसंत केलं व्हर्नींचं. बालविवाह, तोही जमिनीसाठी. इंग्रज इथे आल्यावर आपल्याला ह्यावर भाषणं द्यायचे हे आठवून मला जरा हसूच येतं. नवरा-बायकोचं मात्र खरंच जमलं, अगदी पत्रांतूनही दिसतं इतकं.

दुसरा टॉम. हा प्रत्येक घरात असतो तो काका. विसाव्या वर्षाच्या आत नको त्या मुलीच्या प्रेमात पडला म्हणून बापाने १६३४ मध्ये व्हर्जिनियाला पाठवला, थोड्याच महिन्यांत परत. मग बार्बाडोसला पाठवला, तिथून घरी लांबलचक पत्र, इथली जमीन किती सुपीक, माणसं पाठवा, पैसे पाठवा. मग कर्ज, तुरुंग, आणि भावाला पत्रं, माझ्या प्रिय दादा, ह्या वेळी शेवटचंच. असं म्हणत म्हणत साठ वर्षं काढली. १७०७ मध्ये वारला, वय नव्वदीच्या पार, थोरल्या भावाच्याही नंतर दहा-अकरा वर्षं जगला! तिसरा मुलगा एडमंडच, त्याला घरी मन म्हणायचे, तो शिपाईगडी. चौथा हेन्री, त्याला घोड्यांच्या शर्यतींचा नाद.

आता हे सगळे नालायक होते का? मला नाही वाटत. ह्यांना वाढवलं गढीतल्या मुलांसारखं, घोडा, तलवार, मखमलीचा कोट, आणि विसाव्या वर्षी सांगितलं की आता हे काही तुझं नाही, वर्षाला एवढी रक्कम घे आणि बघ तुझं तू. हिंदू एकत्र कुटुंबात भाऊ भांडून का होईना वाटणी घेतो, त्यात जमिनीचे तुकडे होतात हे खरं, आमच्याच गावी एका चुलत्याच्या वाट्याला विहिरीचा पाव हिस्सा आणि अर्धं आंब्याचं झाड आलं होतं. तिकडे जमिनीचे तुकडे होऊ दिले नाहीत. तुकडे झाले ते माणसांचे.

१६४२: बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे

राजा विरुद्ध संसद युद्ध सुरू झालं. एडमंड आणि राल्फ दोघंही खासदार. राल्फ तर संसदेत बसून गुपचूप पेन्सिलीने नोट्स काढायचा, आणि त्या नोट्स आज इतिहासकारांना सोन्यासारख्या. राल्फचा कल संसदेकडे. खरं तर बापाचंही मन राजाच्या बाजूने नव्हतं, बिशपांसाठी हे भांडण चाललंय आणि मला त्या बिशपांबद्दल काही आदर नाही असं तो हाइड नावाच्या मित्राला म्हणाला होता. पण पुढे म्हणाला की जवळजवळ तीस वर्षं मी ह्या राजाचं अन्न खाल्लंय, आता त्याला सोडण्याइतका नीच मी होणार नाही, आणि ह्यात माझा जीव जाणार हे मला माहीत आहे. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच, मराठी माणसाला वेगळं समजवायची गरज नाही.

राजाचं निशाण धरायचं काम त्याच्याकडे. २३ ऑक्टोबर १६४२, एजहिलची लढाई. एडमंड पडला. निशाण शत्रूने नेलं आणि राजाच्या लोकांनी परत मिळवलं, पण एडमंडचं प्रेत कधीच सापडलं नाही. आख्यायिका अशी की त्याचा तुटलेला हात निशाणाच्या दांड्याला तसाच घट्ट होता आणि बोटात राजाचं चित्र असलेली अंगठी. हाताचं खरं-खोटं देव जाणे, अंगठी मात्र घराण्यात राहिली. त्याच्या आधी धाकट्या मनने राल्फला पत्र लिहिलं होतं, तू राजाविरुद्ध गेलास ह्याचं दुःख होतं, आता कर्तव्य म्हणून मला तुझा वैरी व्हावं लागेल. हा मन १६४९ मध्ये आयर्लंडमध्ये, द्रोघेडाला संसदेचा सेनापती क्रॉमवेल ह्याच्या सैन्याने कत्तल केली त्यात गेला.

आणि सगळ्यात विचित्र वळण राल्फचं. १६४३ मध्ये संसदेने सगळ्या खासदारांना एका धार्मिक करारावर शपथ घ्यायला लावली. राल्फ म्हणाला माझ्या मनाला हे पटत नाही, मी सही करणार नाही. नोकरी नाही, पक्ष नाही, काही नाही, नुसतं मनाला पटत नाही म्हणून. बायको आणि मुलांना घेऊन फ्रान्सला ब्लोआ गावी जाऊन राहिला. मग संसदेने त्याला काढून टाकलं आणि इस्टेट जप्त केली. राजासाठी बाप गेला, संसदेच्या बाजूने होता तो मुलगा, आणि जप्ती कोणी आणली तर संसदेने.

बायकांना हक्कच नव्हते, मग इस्टेट सोडवली कोणी?

मेरीने.

कायद्याने लग्न झालेल्या बाईला वेगळं अस्तित्वच नव्हतं, तिची जमीन, तिचा पैसा, सगळं नवऱ्याच्या हातात. पण ह्याच कायद्यात एक फट होती. बायको स्वतः गुन्हेगार मानली जात नव्हती आणि जप्त इस्टेटीतला पाचवा हिस्सा बायकामुलांच्या पोटापाण्यासाठी मागता यायचा. राल्फ आला असता तर सावकारांनी धरलं असतं. त्याचा डॉक्टर मामा विल्यम डेंटन, वयाने राल्फपेक्षा आठेक वर्षांनीच मोठा, त्याने पत्रात लिहिलं की बायकांचा इतका उपयोग ह्याआधी कधी झाला नव्हता, तिला शिकवून पाठव, आणि कमिट्यांपुढचं काम तिच्यावर सोड. सल्ला ऐकायला कसासाच वाटतो, पण व्यवहारी होता.

१६४६ च्या शेवटी मेरी लंडनला आली, गरोदर असताना. कमिट्यांच्या चकरा, ह्या साहेबाच्या बायकोला भेट, त्या खासदाराला भेट. तहसील कचेरीत वारस नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या कोणालाही हे वाचून आपलंच वाटेल. जून १६४७ मध्ये मुलगा झाला. राल्फने फ्रान्सहून बजावून ठेवलं होतं की माझं नाव ठेवू नकोस, तिने ठेवलं राल्फच. ते बाळ चार महिन्यांत गेलं, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये त्यांची आठ वर्षांची मुलगी पेगसुद्धा गेली, दोन्ही बातम्या मेरीच्या अंगावर थोड्या दिवसांच्या अंतराने आल्या. ती तरी तिथेच राहून काम करत राहिली. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली.

मग ती फ्रान्सला परतली आणि मे १६५० मध्ये तिथेच वारली, चौतिसाव्या वर्षी. राल्फला इंग्लंडमध्ये पाय ठेवणं शक्य नव्हतं, त्याने तिचं शव मसाला भरून क्लेडनला पाठवलं. त्यानंतर तो शेहेचाळीस वर्षं जगला, पुन्हा लग्न केलं नाही. क्लेडनच्या चर्चमध्ये त्याने स्मारक करवलं, त्यात आईवडील, मेरी आणि स्वतः, चौघांचे पुतळे.

आणि बहिणी? लोकरीच्या शिक्क्याचा तो कर आठवतो ना. युद्ध झालं, राजाच गेला, कराचं उत्पन्न बसलं आणि त्याबरोबर मुलींचे हुंडे बसले. पाच जणी बिनलग्नाच्या, भाऊ परदेशात. एकेकीने जमेल तसं लग्न केलं, बऱ्याच जणींनी आपल्यापेक्षा खालच्या घरी. कॅरी नावाच्या बहिणीचा नवरा राजाच्या सैन्यात कॅप्टन, तो १६४५ मध्ये मारला गेला तेव्हा ती गरोदर. सासरचं घर श्वास धरून बसलेलं, मुलगा झाला तर वारस. मुलगी झाली. त्या दिवसापासून सासरची वागणूक बदलली. हे सगळं इंग्लंडच्या हिरव्या कुरणात घडतंय, आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात घडलं असतं तसंच.

म्हणून मला हे 'घराण्याने इस्टेट टिकवली' वाक्य खटकतं. टिकवली मेरीने, आणि त्याची किंमत मोजली बहिणींनी आणि टॉमसारख्यांनी.

"पण रयतेचं काय? हे सगळं साहेबांचंच रडगाणं"

बरोबर आक्षेप आहे. राल्फ १६५३ मध्ये परत आला, कर्ज डोक्यावर. त्याने काय केलं, तर बापाने सुरू केलेलं एक काम पुरं केलं, मिडल क्लेडनची मोकळी सामायिक रानं कुंपण घालून बंद करून टाकली. ह्याला एन्क्लोजर म्हणतात. गायरानावर गावाचा चराईचा हक्क असतो, एके दिवशी तिथे काटेरी कुंपण येतं आणि पाटी लागते की आता ही खाजगी जागा, असं समजा. गवताची जमीन मोठ्या तुकड्यांत मोठ्या कुळांना खंडाने दिली, उत्पन्न वाढलं, ज्यांची एखादी गाय सामायिक रानावर जगत होती त्यांचं कठीण झालं. ह्याच राल्फने गावातल्या गरिबांसाठी राहायची घरंही बांधली. एका हाताने कुरण घेतलं आणि दुसऱ्या हाताने खोली दिली, आणि दोन्ही करताना त्याला आपण भला माणूस आहोत असंच वाटत असणार.

राजेशाही परत आल्यावर १६६१ मध्ये तो बॅरोनेट झाला, पुढे परत खासदारही झाला, १६९६ मध्ये वारला, वय ८२.

"म्हणजे आपले वतनदारच की!"

अर्धंच खरं. आपल्याकडे वतन म्हणजे पद आणि त्याला जोडलेलं उत्पन्न, दोन्ही पिढीजात, पाटलाचा मुलगा पाटील. तिकडे जमीन पिढीजात पण पद नाही, जे.पी. राजा नेमायचा आणि काढायचा. त्यामुळे प्रत्येक पिढीला वर बघून वागावं लागायचं. दुसरा फरक, वतनात भाऊबंद हिस्सेदार असायचे आणि त्यावरून पिढ्यान् पिढ्या मारामाऱ्या व्हायच्या, तिकडे हिस्साच नाही म्हणून धाकटे घराबाहेर पडले, व्यापारात, सैन्यात, चर्चमध्ये, जहाजावर. ह्याच साहेबांच्या धाकट्या मुलांनी पुढे कंपनीच्या जहाजात बसून आपल्याकडे यायला सुरुवात केली, तेव्हा थोरल्याचा वारसा आपल्यालाही परवडला नाही असं म्हणायला हरकत नाही.

राल्फचाच धाकटा मुलगा जॉन बघा. बापाने त्याला व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं, मग बारा वर्षं सिरियातल्या अलेप्पोला रेशमाचा व्यापार. थोरल्या भावाचं लग्न मोठ्या वारसदारणीशी झालेलं, पण तिला वेड लागलं, आणि तो भाऊ आणि त्याची मुलं बापाच्या आधीच गेली. लॉटरी लागली ती दुकानदार धाकट्याला! त्याला पुढे व्हायकाउंट फर्माना ही आयरिश पदवीही मिळाली.

आणि शेवटी हैदर अली

जॉनचा नातू राल्फ, सेकंड अर्ल व्हर्नी. ह्याने क्लेडनला राजवाड्यासारखं घर बांधायला घेतलं, कोरीव काम असं की बघत राहावं. ह्याच्या खिशातल्या मतदारसंघातून, म्हणजे जिथे हा सांगेल तोच निवडून यायचा तिथून, एडमंड बर्क पहिल्यांदा संसदेत गेला, तोच बर्क ज्याने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. अर्लसाहेबांनी बर्क मंडळींच्या नादाने ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअर्समध्ये उधारीवर पैसा लावला. १६९६ पर्यंत जमीन सांभाळणारं घराणं १७६९ मध्ये शेअर मार्केटमध्ये. आणि मे १७६९ मध्ये बातमी आली की दक्षिणेत हैदर अलीने कंपनीला घाम फोडलाय. शेअर कोसळले. व्हर्नी बुडाला तो बुडालाच, घरातलं सामान लिलावात गेलं, तो स्वतः काही काळ घेणेकऱ्यांना चुकवत फ्रान्सला. आज फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये फ्लॅट घालवणाऱ्यांनी ह्याचा फोटो लावायला हवा. १७९१ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि वारस झालेल्या पुतणीने त्या अर्धवट राजवाड्याचा दोन तृतीयांश भाग पाडून टाकला.

पुतणीनंतर रक्ताचं व्हर्नी कोणी उरलंच नाही. सावत्र बहिणीकडून इस्टेट फिरत फिरत १८२७ मध्ये हॅरी कॅल्व्हर्ट नावाच्या नातेवाईकाकडे आली, आणि त्याने आडनाव बदलून व्हर्नी केलं. सरळ दत्तकविधान, फक्त होमहवन नाही. ह्या हॅरीची दुसरी बायको पार्थेनोपी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलची सख्खी थोरली बहीण. फ्लॉरेन्स क्लेडनला राहायला यायची, तिच्या खोल्या अजून दाखवतात. आणि घरात पडलेली ती हजारो पत्रं काढून, वाचून, लावून त्यांची गोष्ट लिहायचं काम सुरू केलं ते ह्या पार्थेनोपीने, म्हणजे बाहेरून आलेल्या सुनेने.

इस्टेटींचं गणित पुढे बिघडलं ते १८९४ च्या मृत्यू करामुळे. थोरल्याचा वारसा म्हणजे सगळं एकाच्या नावावर, आणि कर लागतो तोही मग एकदम सगळ्यावर. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं पाडली गेली किंवा दान झाली, क्लेडन हाउस १९५६ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. नंतर शेतजमिनीला ह्या करातून जवळजवळ पूर्ण सूट मिळत होती, ती सूट कमी करायची घोषणा ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये झाली आणि लंडनमध्ये ट्रॅक्टर आले. त्या ट्रॅक्टरवर दीडशे एकरवालाही होता आणि हजारो एकरवालाही, म्हणून ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे.

आईला हे सगळं सांगून झालं. ती म्हणाली, "ते राहू दे, त्या कॅरीच्या मुलीचं पुढे काय झालं?"